शोधपानावरचा सारांश आणि संकेतस्थळांचा वाचक

गूगलला प्रश्न विचारला की दुव्यांच्या यादीच्या वर हल्ली चार-सहा ओळींचे तयार उत्तर दिसते. ते कोणा माणसाने लिहिलेले नसते. शोधयंत्र आधी नेहमीप्रमाणे प्रश्नाशी जुळणारी पाने आपल्या सूचीतून निवडते. मग प्रचंड मजकुरावर तयार झालेले भाषा-प्रारूप त्या पानांमधला आशय एकत्र करून नव्या वाक्यांत मांडते आणि मूळ पानांचे दुवे कडेला ठेवते. गूगलने या सोयीला ‘एआय ओव्हरव्ह्यू’ असे नाव दिले आहे. तिचा प्रायोगिक अवतार मे २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर भारतात इंग्रजी व हिंदीत आला. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात तो नेहमीच्या शोधाचा भाग झाला. त्यापुढची पायरी म्हणजे ‘एआय मोड’. यात दुव्यांची यादी मागे पडते आणि शोध संवादासारखा चालतो. जुलै २०२५ पासून भारतात कोणालाही तो वापरता येऊ लागला आणि वर्ष संपेपर्यंत त्याच्या भाषांत मराठीचीही भर पडली.

वाचकाची यात सोय आहे, हे निर्विवाद. पण ज्या पानांतून उत्तर तयार झाले, त्या पानांवर वाचक पोहोचला नाही तर ती पाने लिहिणाऱ्यांचा खर्च कसा निघायचा, हा प्रश्न या सोयीतूनच उभा राहिला आहे.

शोधयंत्र आणि संकेतस्थळ यांच्यात पंचवीस वर्षे एक अलिखित व्यवहार चालत आला. संकेतस्थळाने आपली पाने शोधयंत्राच्या बॉटला, म्हणजे पाने आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचू द्यायची आणि त्या बदल्यात शोधयंत्राने वाचक पाठवायचे. २००३ मध्ये अॅडसेन्स ही जाहिरात योजना आली आणि या वाचकांचे पैशांत रूपांतर करण्याची वाट छोट्या प्रकाशकांनाही मिळाली. पान उघडले की जाहिरात दिसते, जाहिरात दिसली की उत्पन्नाचा वाटा मिळतो. त्यामुळे पेज व्ह्यूची संख्या हाच धंद्याचा कणा झाला. डिसेंबर २०१४ मध्ये हिंदीला आणि नंतर काही वर्षांनी मराठीला अॅडसेन्सचे दार उघडले. मराठी पानाला मिळणारा जाहिरातीचा दर इंग्रजीच्या तुलनेत नेहमीच कमी राहिला. ही उणीव संख्येने भरून काढायची, म्हणजे रोज जास्त पाने आणि जास्त क्लिक, असे गणित मराठी न्यूज डेस्कवर रुजले ते यामुळे.

या व्यवहाराला तडा एका दिवसात गेला नाही. २०१२ मध्ये गूगलने ‘नॉलेज ग्राफ’ आणला. व्यक्तीची जन्मतारीख, शहराची लोकसंख्या अशी माहिती शोधपानाच्या उजव्या चौकटीत दिसू लागली. २०१४ च्या सुमारास एखाद्या पानातला नेमका उतारा उचलून यादीच्या वर दाखवण्याची पद्धत सुरू झाली. तो उतारा निदान एकाच पानाचा असे, त्या पानाचे नाव ठळक दिसे आणि पूर्ण वाचण्यासाठी लोक आत जात. आताचा सारांश अनेक पानांतून घेतलेला असतो आणि त्याची वाक्ये कोणाचीच नसतात. जुन्या उताऱ्यापेक्षा तो वेगळा ठरतो तो इथेच.

मुंबईच्या उपनगरांत या बदलाची एक पूर्वपीठिकाही आहे. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या जस्टडायल या दूरध्वनी-चौकशी सेवेचे मुख्यालय मालाड पश्चिमेला आहे. अंधेरीतला प्लंबर किंवा घाटकोपरचा दातांचा डॉक्टर हवा असला तर लोक फोन लावत आणि पलीकडची व्यक्ती यादीतून दोन-तीन नावे सांगे. २००७ मध्ये ही सेवा संकेतस्थळावर आली. पुढे नकाशे, दुकानांची पाने आणि ग्राहकांचे अभिप्राय शोधयंत्राने स्वतःकडेच जमवले आणि अशा चौकशीचा मोठा भाग थेट शोधपानावर मिटू लागला. २०२१ मध्ये जस्टडायलची मालकी रिलायन्स रिटेलच्या समूहाकडे गेली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये उभे राहून पैसे मिळवणारा धंदा पुढच्या मध्यस्थाच्या हाती कसा जातो, याचा हा जवळचा नमुना आहे.

सारांशाचा परिणाम नीट समजण्यासाठी मात्र मेगाब्लॉकची बातमी पाहावी. मुंबईच्या लोकलने दररोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. रविवारी रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरच्या कामासाठी काही तास मार्ग बंद ठेवावे लागतात. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड या जलद मार्गांचा ब्लॉक उपनगरवासीयांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन तो दुपारी चारच्या सुमारास संपतो. त्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळतात, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला थांबतात आणि साधारण पंधरा मिनिटे उशिरा पोहोचतात. पश्चिम रेल्वेवर ‘जम्बो ब्लॉक’ असतो. तो कधी सांताक्रूझ ते गोरेगाव, तर कधी गोरेगाव ते बोरिवली.

रेल्वेचे पत्रक शुक्रवार-शनिवारपर्यंत माध्यमांकडे येते आणि शनिवारी जवळपास प्रत्येक मराठी वृत्तसंकेतस्थळावर त्याची बातमी लागते. पत्रक एकच, त्यामुळे बातम्यांतही फारसा फरक नसतो. मग स्पर्धा उरते ती शोधपानावर वर येण्याची. ‘मेगाब्लॉक’, ‘रविवार’, ‘मध्य रेल्वे’, ‘वेळापत्रक’ हे कीवर्ड शीर्षकात, पहिल्या वाक्यात आणि उपशीर्षकात पेरले जातात. रविवारी घराबाहेर पडणाऱ्यांना इशारा देणारे शीर्षक येते, पण कोणता मार्ग बंद हे त्यात नसते. ते कळण्यासाठी पान उघडावे लागते, लोकलचे महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद ओलांडावे लागतात आणि जाहिरातींमधून खाली जावे लागते. वाचकाला हवी असलेली एक ओळ चौथ्या परिच्छेदात सापडते. हा लेखनदोष नाही. पानावर वाचक जितका रेंगाळेल तितक्या जाहिराती दिसतील, म्हणून ही रचना मुद्दाम तशी केलेली असते.

सारांशाने या रचनेचा पायाच काढून घेतला. “रविवारी मुलुंडहून जलद लोकल आहे का?” असे विचारले की मार्ग, वेळ आणि पर्याय वर तीन ओळींत येऊ शकतात. पत्रकावर आधारलेल्या दहा पानांतली माहिती सारखीच असल्याने प्रारूपाला ती एकत्र करणे सोपे जाते आणि वाचकाला त्या दहांपैकी एकही उघडावे लागत नाही. ज्या पानात पत्रकापलीकडे काही नव्हते, त्या पानाची गरज संपली. हे स्पष्टपणे मान्य करायला हवे. वाचकाचा वेळ खाऊन मिळवलेले पेज व्ह्यू टिकवण्यासारखे नव्हतेच.

अडचण त्यापुढे येते. सारांशाच्या दृष्टीने या रविवारचा ब्लॉक आणि गेल्या महिन्यातला ब्लॉक यांची पाने फार सारखी असतात. तीच स्थानके, तेच शब्द, फक्त तारीख वेगळी. तारखेकडे दुर्लक्ष झाले तर जुना ब्लॉक आजचा म्हणून सांगितला जाण्याचा धोका राहतो आणि वाक्य इतके ठाम असते की शंका येत नाही. पत्रकाराने तारीख चुकवली तर त्याच्या पानावर त्याचे नाव असते, दुरुस्ती मागता येते. सारांशातल्या चुकीची जबाबदारी त्या पानावर कोणाच्याच नावावर नसते.

अशीच दुसरी मोठी मराठी चौकशी म्हणजे संकष्टी चतुर्थीची चंद्रोदयाची वेळ. उपवास चंद्रदर्शनानंतर सोडायचा असल्याने ही वेळ दर महिन्याला लाखो घरांत लागते. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयच्या पानावर ती छापलेली असते आणि पंचांगांत गावागावांच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात. त्याला कारण आहे. मुंबई ७३ अंश रेखांशाच्या जवळ, तर नागपूर ७९ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर दोन्ही शहरांतल्या चंद्रोदयात सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो. मराठी संकेतस्थळे दर संकष्टीला यासाठी वेगळे पान करतात आणि त्यावर मोठा ट्रॅफिक येतो. एका ओळीचे हे उत्तर सारांशाला सहज देता येते, म्हणून असा ट्रॅफिक सर्वांत आधी ओसरतो. मात्र ‘आज चंद्रोदय किती वाजता’ या प्रश्नात गावाचे नाव नसते. गाव न विचारता दिलेली एकच वेळ बोरिवलीत बरोबर आणि चंद्रपुरात चुकीची ठरू शकते. जुन्या पंचांगकर्त्यांनी हा भेद काळजीपूर्वक जपला होता.

या परिणामाचे मोजमाप अजून मुख्यतः परदेशातले आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या ९०० प्रौढांच्या प्रत्यक्ष ब्राउझिंगची नोंद तपासली. सुमारे १८ टक्के शोधांमध्ये सारांश दिसला होता. जिथे तो नव्हता, तिथे १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या नेहमीच्या दुव्यावर क्लिक केले. जिथे होता, तिथे हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. सारांशातच दिलेल्या दुव्यावर क्लिक झाले ते अवघ्या एक टक्का वेळा. म्हणजे ‘स्रोत म्हणून नाव तर दिले आहे’ हे समाधान व्यवहारात जवळजवळ शून्य किमतीचे ठरते. या पाहणीतली दुसरी नोंद मजकुराचे धोरण ठरवणाऱ्यांना अधिक उपयोगी आहे. एक-दोन शब्दांच्या शोधात सारांश क्वचित येतो, पण दहा किंवा अधिक शब्दांच्या पूर्ण प्रश्नात तो निम्म्याहून अधिक वेळा येतो. ‘कसे’, ‘का’, ‘कधी’ अशा शीर्षकांची पाने करण्याचा सल्ला एसईओच्या, म्हणजे शोधात पान वर आणण्याच्या तंत्राच्या, जगात वर्षानुवर्षे दिला गेला. आता सर्वाधिक झळ त्याच पानांना लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सांगितले की विकिपीडियावरच्या माणसांच्या भेटी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या आहेत. गूगलची बाजू वेगळी आहे. शोधातून संकेतस्थळांकडे जाणाऱ्या क्लिकची एकूण संख्या वर्षभरात साधारण स्थिर आहे आणि येणारा वाचक अधिक वेळ थांबणारा आहे, असे कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. त्यासोबत आकडे मात्र दिले नाहीत. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण एकूण संख्या टिकली तरी वाटप बदलते. काही ठिकाणी ओघ वाढतो आणि माहिती देणारी छोटी संकेतस्थळे कोरडी पडतात.

प्रकाशकाला स्वतःच्या घरातले मोजमापही सोपे नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात सारांशातून आलेले क्लिक एकूण शोधात मिसळून दिसतात, त्यांचा वेगळा रकाना मिळत नाही. ओळखीची खूण एवढीच, की पान शोधात दिसल्याची संख्या टिकते किंवा वाढते, सरासरी क्रमांक तोच राहतो आणि क्लिक मात्र खाली येतात. क्रमांक घसरल्यामुळे झालेली घट आणि सारांशामुळे झालेली घट यांत हाच फरक असतो. गूगल डिस्कव्हरच्या फीडमधून येणारा वाचक वेगळा मोजला नाही तर हे चित्र पूर्ण झाकले जाते. मराठी वृत्तसंस्थांनी शोधाचे आणि डिस्कव्हरचे आकडे महिन्याच्या अहवालात कधीही एकत्र करू नयेत.

मराठीपुढचा धोका इंग्रजीपेक्षा मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८.३ कोटी लोक होते, पण त्या मानाने मराठीत तपासलेला, खुला मजकूर थोडा आहे. इंग्रजी विकिपीडियात सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत. मराठी विकिपीडियात लाखाच्या आसपास. वाई येथील मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर उपलब्ध आहेत, हे मोठेच धन आहे. पण कित्येक नोंदी छापील खंडांच्या काळातल्या आहेत. इंग्रजीत एका विषयावर शंभर पाने असतात, त्यांतली दहा बंद पडली तरी उत्तर तयार होते. मराठीत एखाद्या विषयावर तीनच पाने असतात. त्यांतल्या दोन लेखकांना वाचक मिळेनासा झाला आणि त्यांनी लिहिणे थांबवले, तर पुढचा सारांश एका पानावर किंवा इंग्रजीतून भाषांतर केलेल्या मजकुरावर उभा राहील. सारांश देणारे यंत्र स्वतः मुलुंड स्थानकावर उभे राहत नाही. तिथून कोणीतरी लिहावे लागते.

म्हणून मजकुराच्या धोरणाचा पहिला निकष बदलतो. लोक काय शोधतात यावरून पान ठरवण्याआधी ते पान दुसऱ्या कोणाकडे तयार आहे का, हे पाहावे लागते. अंधेरीच्या गोखले पुलाचे उदाहरण याबाबत बोलके आहे. जुलै २०१८ मध्ये या पुलाचा पादचारी भाग कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली. तेव्हा ध्यानात आले की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळत नाही. पूल उघडल्याची तारीख पत्रकात होती. पातळीतली तफावत जागेवर जाऊन पाहणाऱ्या नागरिकांना आणि वार्ताहरांना दिसली, छायाचित्रांसह छापली गेली आणि अधिकाऱ्यांना उत्तर द्यावे लागले. दोन पूल नंतर जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये गोखले पूल पूर्ण खुला झाला. यातली तारीख सारांश सांगू शकतो. तफावत आधी कोणीतरी पाहिली नसती तर सारांशाला ती कधीच कळली नसती. उपनगरांसाठी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा वॉर्डांत स्वतःचा माणूस ठेवणे हा कालपर्यंत खर्च मानला जात होता. आता संकेतस्थळाला वेगळेपण देणारी गुंतवणूक बहुधा हीच आहे.

पत्रकावरच्या पानांना पूर्ण रजा द्यावी असे नाही. मेगाब्लॉकची माहिती वाचकाला हवीच असते. ती पहिल्या ओळीत, तारखेसह आणि स्थानकांच्या नावांसह द्यावी, दर आठवड्याला नवे पान न काढता एकच पान अद्ययावत ठेवावे आणि त्यावर डेस्कचे मनुष्यबळ कमीत कमी लावावे. जुन्या तारखेची पाने साचू न दिल्याने चुकीच्या सारांशाची शक्यताही घटते. वाचलेले तास स्वतः गोळा केलेल्या माहितीकडे वळवावेत: वॉर्डातली पाणीकपात प्रत्यक्षात किती तास चालली, कोणत्या स्थानकाचा सरकता जिना किती दिवस बंद आहे, पुनर्विकासात अडकलेल्या सोसायट्यांचे भाडे थांबले का. अशा नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव, पाहिल्याची तारीख आणि पद्धत असावी.

दुसरा बदल वाचकाशी थेट नात्याचा आहे. शोधातून आलेला वाचक शोधयंत्राचा असतो, संकेतस्थळाचा नसतो. व्हॉट्सअॅप चॅनेल, ईमेल वार्तापत्र, अॅपच्या सूचना आणि छोटे वार्षिक शुल्क या वाटांनी आलेला वाचक संख्येने कमी असला तरी मधल्या कोणी नियम बदलला म्हणून तो एका रात्रीत नाहीसा होत नाही. व्हॉट्सअॅप हाही परक्या कंपनीचाच मंच आहे, हे मात्र विसरू नये. ईमेलची यादी तेवढी स्वतःच्या मालकीची असते.

सारांशातून बाहेर राहण्याचा मार्ग अजून अडचणीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ‘गूगल-एक्सटेंडेड’ ही सूचना आणली. ती बॉटना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये लिहिली की गूगलच्या जेमिनी या प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी मजकूर घेतला जात नाही, पण शोधातल्या सारांशाला ती लागू नाही. सारांश अडवायचा तर ‘नोस्निपेट’ची खूण लावावी लागते. मग यादीतल्या दुव्याखालची ओळही जाते आणि उरलेले क्लिक आणखी घटतात. गूगलच्या बॉटलाच दार बंद केले तर पान शोधातूनच नाहीसे होण्याची वेळ येते. इतर कंपन्यांचे बॉट अडवणे तुलनेने सोपे आहे. संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांसाठी असे बॉट मुळातच रोखण्याची आणि वाचनाचे पैसे मागण्याची सोय दिली.

कायद्याची मदत मर्यादित आणि संथ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अभिव्यक्तीला संरक्षण आहे, वस्तुस्थितीला नाही. ब्लॉकच्या वेळेवर किंवा चंद्रोदयावर कोणालाही हक्क सांगता येत नाही. गोखले पुलाच्या वृत्तांतातल्या मांडणीवर आणि छायाचित्रावर येतो. वृत्तप्रकाशकांच्या डीएनपीए या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि पुढे डीएनपीएने त्यात आपली बाजू मांडण्याची मागणी केली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने शोधातल्या सारांशांसाठी प्रकाशकांचा मजकूर वापरण्याबद्दल गूगलची औपचारिक चौकशी सुरू केली. त्याच महिन्यात भारतात केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा सरसकट परवाना आणि त्याबदल्यात निर्मात्यांना मानधन असा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. हे मानधन उद्या आले तर ते मोजण्यासाठी कोणाचा मजकूर मुळातला आहे याची नोंद लागेल. मराठी प्रकाशकांनी आपल्या मूळ वृत्तांतांची लेखक, तारीख आणि छायाचित्रांसह पद्धतशीर नोंद ठेवणे आजपासून सुरू करावे.